दानाला स्टँप कशाला?

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी त्या खटल्याचा विषय निघाला की मी अजून खुर्चीत सरसावून बसतो. चोऱ्या, दरोडे, मारामाऱ्या मी पुष्कळ पाहिल्या आणि त्यांतल्या निम्म्या आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. हा खटला मात्र कालच घडल्यासारखा समोर उभा राहतो. त्यातली काही माणसे हयात आहेत, म्हणून नाव कोणाचेच देत नाही.

मी तेव्हा ठाण्याला फौजदार होतो. सकाळी शिपायांची हजेरी, गस्तीचा रिपोर्ट, रोजनामा, आणि मग कोर्टाच्या आवारात एक फेरी, असा माझा क्रम असे. वरिष्ठांना ही फेरी म्हणजे वेळेचा अपव्यय वाटे. पण झाडाखाली बसलेल्या अर्जनवीस आणि स्टँपविक्रेत्यांना जेवढे ठाणे ठाऊक असते तेवढे आमच्या दप्तराला कधीच नसते. त्यांच्याजवळ जाऊन गुन्ह्याबद्दल मात्र विचारू नये. पान खावे, उन्हाला शिव्या द्याव्यात, बाकीचे ते आपणहून सांगतात.

एके दिवशी असाच स्टँपविक्रेत्याजवळ टेकलो होतो. तो म्हणाला, "फौजदारसाहेब, एक शंका आहे. दान द्यायला स्टँपचा कागद लागतो का हो?"

"दानाला स्टँप कशाला? दान देणारा देतो आणि विसरतो."

"मग तो कल्याणचा निधीवाला माझ्याकडून दर खेपेला कर्जरोख्याचे कागद का नेतो?"

मी पान थुंकून दिले आणि नीट ऐकू लागलो. हा निधीवाला म्हणजे कल्याणकडचा एक गृहस्थ, पूर्वी एका वकिलाकडे कारकून होता. डोक्याला लाल पगडी, हातात चांदीच्या मुठीची काठी, आणि बोलणे असे की ऐकणाऱ्याला आपण फार थोर असल्याचा भास व्हावा. मुंबईच्या एका धनिकाने गरीब विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी निधी ठेवला आहे आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली या भागातली मुले निवडायचे काम आपल्याकडे आहे, असे तो सांगत असे. पैसेही खरोखरच देत असे. त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती. लोक त्याला वाटेत थांबवून नमस्कार करीत.

मी त्याच दिवशी चौकशीला लागलो, आणि पहिल्याच दिवशी तोंडघशी पडलो. ज्या ज्या घरी मुलाला मदत मिळाली होती, तिथे माझे स्वागत असे झाले की जणू मीच चोर. एका बापाने तर सांगितले, "देवमाणूस आहे तो. तुम्ही आपले पाकीटमार पकडा." पोलिसांत इतकी वर्षे काढली, पण फसलेला माणूस फसवणाऱ्याच्या बाजूने इतका तावातावाने भांडताना मी पाहिला नव्हता. फिर्यादीच नाही, तर खटला उभा करायचा कोणाच्या जिवावर?

शेवटी कोपरीला खाडीच्या बाजूला राहणाऱ्या एका ख्रिस्ती विधवेच्या दारात गेलो. बाई शेतकरी होती. स्टेशनाजवळ भाताचे एक शेत आणि थोडा भाजीपाला, एवढ्यावर तिने एकुलती एक मुलगी वाढवली होती. ही मुलगी मॅट्रिक झाली होती! त्या काळी ठाण्यात मुलगे मॅट्रिक झाले तरी घरी पेढे वाटत, इथे तर मुलगी. त्यातून मुंबईच्या वैद्यकीय विद्यालयात आता मुलींनाही घेणार अशी बातमी आली होती, आणि तिने डॉक्टर व्हायचे ठरवून टाकले होते. निधीवाल्याने पहिला हप्ता दिला होता. दुसरा हप्ता विद्यालय उघडण्याच्या सुमारास मिळायचा होता, आणि त्यातून प्रवेशाची फी भरायची होती. तो पैसा आला नाही तर तिची जागा दुसऱ्याला जाणार होती.

मी ओसरीवर टेकतो न टेकतो तोच बाई कडाडली, "माज्या पोरीला कोनी पैका दिला तं तुमच्या पोटात कनाला दुखतं? पोलीस दारात आला, आता गाव काय बोलंल?"

"मावशी, मी पोरीच्या भल्यासाठी आलो आहे. तुम्ही कागदावर काय म्हणून निशाणी केली?"

"पावती हाय ती. पैका भेटला त्याची पावती."

मुलगी दारात उभी होती. अंगाने किरकोळ, पण नजर अशी की साहेब असो की शिपाई, सरळ डोळ्यांत बघायची. मी तिला विचारले, "तू वाचलास का तो कागद?"

"मोडीत होता, साहेब. शाळेत आम्ही इंग्रजी शिकलो, बाळबोध शिकलो. मोडी मला येत नाही. त्यांनीच वाचून दाखवला."

"मग गावात दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायचा."

यावर बाईच पुन्हा उसळली. "माजी पोर म्याट्रिक हाय! आमी कागद घेऊन दुसऱ्याच्या दारात जाऊ? लोक हसतील ना."

मला एकाच वेळी हसू आले आणि वाईटही वाटले. निधीवाल्याने नेमकी हीच घरे हेरली होती. ज्या घरात एक जण इंग्रजी शिकला, त्या घराला आता कागद दुसऱ्याला दाखवायची लाज वाटे. आणि रोखे, गहाणखते, सगळा व्यवहार तर मोडीत चाले. घरात शिक्षण आले आणि त्याच शिक्षणापायी घर आंधळे झाले होते.

मी मुलीला म्हटले, "एवढेच सांग. शिष्यवृत्ती देणारा अभ्यास बघतो, कर्ज देणारा तारण बघतो. हा माणूस घरी आला तेव्हा त्याने काय बघितले? तुझे मार्क विचारले?"

ती विचारात पडली. "नाही."

"शाळेचा दाखला मागितला?"

"नाही. शेताच्या चारी हद्दी विचारल्या. आणि शेत आईच्या नावावर आहे ना, हे दोनदा विचारलं."

बाईच्या हातातल्या सुपातली भाजी तशीच राहिली. स्टेशन वाढत होते, आसपासच्या जमिनींचे भाव चढत होते. कल्याणचा एक सावकार त्या जमिनींवर डोळा ठेवून आहे आणि निधीवाला त्याचाच हस्तक आहे, हे मला नंतर कळले. दिलेल्या पैशाच्या कितीतरी पट रकमेचा रोखा करून घ्यायचा, तोही रकमेचे लहान तुकडे करून, म्हणजे नोंदणी कचेरीत जायला नको. मुदत भरली की दावा लावायचा. गरीब माणूस समन्स बघून घाबरतो, कोर्टात जात नाही, एकतर्फी हुकूमनामा होतो आणि शेत जप्त होते. विद्येच्या नावाखाली चाललेला हा उद्योग कळला तेव्हा मला असा संताप आला की त्या दिवशी माझ्या हाताखालचे शिपाईसुद्धा माझ्यापासून चार हात दूर उभे राहिले.

पण ते नंतरचे. ओसरीवर मी मुलीला सरळ सांगितले, "तू फिर्याद दे."

तिने उलट विचारले, "फिर्याद दिली तर दुसरा हप्ता मिळणार नाही. मग माझी फी कोण भरणार?"

खोटे आश्वासन देण्याची पोलिसी सवय पुष्कळांना असते. त्या मुलीपुढे मला तसे करवले नाही.

तीच पुढे बोलली. "नाही दिली तर आईचं शेत जाईल, आणि शेत विकून झालेली डॉक्टरीण मला व्हायचं नाही. साहेब, दुसऱ्या हप्त्याचा कागद घेऊन ते येतील तेव्हा तो मीच वाचला तर? सगळ्यांसमोर? तुम्ही मला मोडी शिकवाल?"

खरे सांगतो, मी उडालोच! इतकी वर्षे सापळे रचत आलो होतो, पण इतका साधा आणि इतका पक्का सापळा मला सुचला नव्हता. निधीवाल्याचे सगळे बळ एकाच गोष्टीत होते, की हे घर मोडी वाचू शकत नाही. तेवढेच काढून घ्यायचे.

दुसऱ्या दिवसापासून आई आणि मुलगी सकाळी माझ्या घरी येऊ लागल्या. चौकीत शिकवले असते तर तासाभरात बातमी कल्याणला पोचली असती. मी ओटीवर बसून घरातली जुनी मोडी पत्रे तिच्यापुढे टाकी. मोडीचे अक्षर म्हणजे न थांबता पळणारे, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात. पहिल्या दिवशी ती रडकुंडीला आली. चार-पाच दिवसांत मला अडवू लागली, "साहेब, हे तुम्ही चुकीचं वाचलंत, इथे वेलांटी आहे." आमच्या घरातून सुरुवातीला कुरबूर झाली. ख्रिस्ती मुलगी रोज ओटीवर, शेजारी काय म्हणतील वगैरे. मग एके सकाळी माजघराच्या दाराआडून आवाज आला, "तो शब्द पुन्हा एकदा सांगा ना, माझा राहिला." आमच्या सौभाग्यवती आतल्या आत पाटीवर गिरवीत होत्या. त्यानंतर कुरबूर थांबली आणि मुलीला रोज लाडू मिळू लागला.

शेवटी तिला मी रोख्याची भाषा शिकवली. 'कारणे कर्जरोखा लिहून दिला ऐसाजे' या सुरुवातीपासून मुदत, व्याज आणि जप्तीच्या कलमापर्यंत. ती एकदा म्हणाली, "हे कोणी शाळेत का शिकवत नाही?" तो प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे.

निधीवाल्याचा निरोप आला की अमुक दिवशी दुपारी हप्ता घेऊन येतो. मी साध्या वेषात आधीच घरात शिरलो. गावातले दोन प्रतिष्ठित पंच नातेवाईक म्हणून ओसरीवर बसवले. आत भाताच्या कणगीमागे मी, आणि परसात एक हवालदार. भाताच्या कुसाने नाकात अशी हुळहुळ सुटली की सबंध खटला एका शिंकेने बुडतो की काय, ही एकच धास्ती होती.

गृहस्थ आले. काठी कोपऱ्यात ठेवली, पाणी प्याले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्यासारखी लेकरं शिकली पाहिजेत. ही पावती. आईला निशाणी करू दे, म्हणजे पैसे मोजून देतो."

मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, मी वाचते."

"वाच ना. पण मोडी आहे हो."

"हो." आणि तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "कारणे कर्जरोखा लिहून दिला ऐसाजे..." आवाज आधी थोडा कापला, मग खणखणीत झाला. रक्कम वाचली. ती कबूल केलेल्या हप्त्याच्या कितीतरी पट आहे, हे ऐकून ओसरीवरचा एक पंच उठूनच उभा राहिला. व्याज वाचले, मुदत वाचली. "सदरहू मुदतीत रुपये न दिल्यास माझे मौजे कोपरी येथील शेत..." इथे बाईने तोंडावर हात घेतला.

"अगं, तो मसुदा आहे, चुकून आणला," असे म्हणत निधीवाल्याने कागदाला हात घातला. मुलीने तो पाठीशी धरला. दाराकडे वळला तर दारात बाई उभी, हातात भाजी चिरायचा कोयता.

"कंय चाललाव? पावती नाय का पायजे?"

मी कणगीमागून बाहेर आलो. डोक्यापासून पायापर्यंत कूसच कूस, आणि नेमकी तेव्हाच ती दाबून धरलेली शिंक आली. माझ्या नोकरीत इतक्या थाटाने कोणाला अटक झाली नसेल. पंचनामा करताना माझे अक्षर आनंदाने वाकडे येत होते, हे मला आजही कबूल करायला हरकत नाही.

पण वकिलाकडे मुरलेला माणूस असा सहजी हाती लागत नाही. चौकीत आल्यावर त्याची जीभ पुन्हा सुटली. "आजचा कागद चुकीचा होता, मान्य. पण पहिला रोखा मी अक्षर न् अक्षर वाचून दाखवला होता. कर्ज आहे हे त्यांना ठाऊक होतं. गावातल्याच दोघा साक्षीदारांसमोर व्यवहार झाला. विचारा त्यांना." तो बोलत राहिला आणि मी त्याला बोलू दिले. खरे सांगणाऱ्याचे लवकर संपते. खोटे सांगणारा जागोजाग टेकू लावीत बसतो.

त्याच्या कल्याणच्या घराची पंचांसमक्ष झडती घेतली. रोख्यांचा गठ्ठा मिळाला. पहिला रोखाही त्यात होता. खाली बाईची निशाणी होती, क्रूस. साक्षीदार म्हणून तिच्याच शेजारच्या दोन म्हाताऱ्या शेतकऱ्यांची नावे होती, आणि प्रत्येकापुढे निशाणी म्हणून शेताचा नांगर काढलेला होता.

आजच्या वाचकांना सांगायला हवे की लिहिता न येणारा माणूस तेव्हा सहीऐवजी आपल्या धंद्याचे चित्र काढी. कुणबी नांगर काढी, बाया बांगडी काढीत. वकिलाच्या कचेरीत जन्म घालवलेल्या कारकुनाचा हात शेतकऱ्याचे नाव लिहिले की आपोआप नांगरावर जाई. मी मात्र त्या नांगराकडे बघत राहिलो, कारण या भागातल्या ख्रिस्ती वस्तीचे कागद मी बरेच हाताळले होते.

दुसऱ्या दिवशी ते दोन्ही म्हातारे चौकीत बोलावले. निधीवाल्याला समोर बसवले. एकेका म्हाताऱ्यापुढे पाटी ठेवली आणि म्हटले, "बाबा, कागदावर निशाणी करता तशी करा."

पहिल्याने पेन्सिल मुठीत धरून एक उभी रेघ ओढली, एक आडवी. क्रूस. दुसऱ्याने तेच केले, फक्त त्याचा जरा वाकडा.

मी भोळेपणाने विचारले, "तुम्ही तर शेतकरी ना? नांगर का नाही काढलात?"

पहिला म्हातारा माझ्याकडे कीव केल्यासारखा बघत म्हणाला, "साहेब, आमी किरिस्ताव. बापापासून, आज्यापासून आमी क्रूसच काढतो. नांगर कनाला काढू? तो शेतात आसतो."

मी निधीवाल्याकडे पाहिले. त्याने आधी पाटीकडे पाहिले, मग टेबलावरच्या रोख्याकडे, आणि पगडी काढून मांडीवर ठेवली. ती पगडी उतरली तेव्हाच खटला संपला. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून मी एक शब्दही न विचारता त्याला मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे उभे केले. तिथे त्याने सगळे सांगितले. घरोघरी गप्पांत शेजाऱ्यांची नावे काढून घ्यायची, आणि घरी बसून साक्षी करायच्या. सगळ्या रोख्यांवर असेच घरी बसून काढलेले नांगर होते. त्याला शिक्षा झाली. सावकाराने आपल्याला काहीच माहीत नसल्याचे शपथेवर सांगितले आणि सगळ्या रोख्यांवरचा हक्क घाईघाईने सोडून दिला. बाईने पहिल्या हप्त्याची खरोखर हातात आलेली रक्कम भाजी विकून हळूहळू सावकाराला फेडली. "घेतला तो दिला," एवढेच ती म्हणाली. आणि जे बाप मला दारातून हाकलत होते, ते आता वाटेत थांबवून नमस्कार करू लागले.

पण मुलीची फी? शहरात माझा जयजयकार चालला होता, आणि ओटीवर ती मुलगी मोडीची पत्रे नीट घडी करून परत द्यायला आली होती. "आता नाही लागणार, साहेब," म्हणाली.

मी तडक तिच्या मिशनच्या शाळेच्या मुख्य जोगिणीकडे, म्हणजे ननकडे, गेलो. तिने सांगितले की विद्यालयात येणाऱ्या मुलींसाठी सरकारी विद्यावेतन आहे. अर्जाला काही पडत नाही. पण मुलीनेच विचारणे सोडले होते, कारण सगळी मदत आपल्याच हातून जाते असे निधीवाल्याने तिच्या मनात भरवले होते. मुदत जवळजवळ संपली होती! मुलीने तिथेच बसून अर्ज लिहिला. चांगल्या वर्तणुकीचे दोन दाखले हवे होते. एक पाद्रीबाबांनी दिला, दुसरा मी. जन्मभर लोकांच्या वाईट चालीचे रिपोर्ट लिहिले होते. चांगल्या चालीचा दाखला लिहिताना शब्दच सापडेनात. तीन कागद फाडले. अर्ज मी स्वतः मुंबईला नेऊन दिला, कारण टपालावर माझा भरवसा नव्हता.

विद्यावेतन मिळाले. निरोप आला त्या दिवशी आमच्या घरात दिवाळी होती. सौभाग्यवतींनी आपल्या हाताने, मोडीत, तिला अभिनंदनाची चिठी लिहिली.

या खटल्याने मला एक गोष्ट शिकवली आणि ती मी पुढे भेटेल त्या बापाला सांगत आलो. शिकण्यासाठी कोणी पैसे देऊ केले तर लाजू नका, घ्या. कर्ज घ्यावे लागले तरी घ्या, त्यात कमीपणा नाही. पण विचारा: हे परत द्यायचे आहे का? कधी, किती? आणि देता आले नाही तर तुम्ही माझे काय नेणार? जो या प्रश्नांनी चिडतो, त्याच्या दारातून उठून या. विद्या देणाऱ्याला प्रश्नांचा राग येत नाही.

शेवटचा प्रसंग सांगून थांबतो. विद्यावेतनालाही एक करार होता. शिकून झाल्यावर काही वर्षे सरकारी दवाखान्यात काम करायचे, मध्येच सोडले तर पैसे परत. त्यासाठी जामीन लागत होता आणि मी जामीन राहिलो. तिघेही विद्यालयाच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून कागद पुढे सरकवून म्हणाला, "इथे आईची निशाणी, इथे जामिनाची सही. नेहमीचाच मजकूर आहे."

बाई खुर्चीत ठाण मांडून बसली. "बाय, आख्खा वाच. आमी थांबतो."

मुलीने इंग्रजी कलम वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि बाईने मान हलवायची, असे सुरू झाले. कारकून घड्याळाकडे बघत होता. मी आपला आनंदात होतो. सगळे संपले, बाईने ठळक क्रूस काढला, आणि मी लेखणी शाईत बुडवून जामिनाच्या कागदावर सहीला हात टेकला.

तो हात बाईने मनगटात धरला.

"साहेब, हा कागद दुसरा हाय," ती म्हणाली. "तुमचा तुमी वाचलाव?"

मी लेखणी खाली ठेवली आणि वाचायला खिशातून चष्मा काढला.